छायाचित्रांतील कामकरी

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

गिरणींत, खाणींत, कारखान्यांत किंवा धरणावर राबणाऱ्या माणसांचीं छायाचित्रें आपण पुष्कळदां पाहतों. परंतु त्यांतील कोणतें छायाचित्र पुरावा म्हणून टिकतें आणि कोणतें केवळ शोभेचें ठरतें, ह्याचा विचार क्वचितच करतों. त्या भेदाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. उदाहरणासाठीं आपण अहिल्यानगर जिल्ह्यांतील भंडारदऱ्यास जाऊं.

प्रवरेवरील ह्या दगडी धरणाचें काम १९१० सालीं सुरू झालें. १९२६ च्या डिसेंबरांत मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें व धरणास त्यांचेंच नांव मिळालें. भिंतीची उंची सुमारें २७० फूट आहे. एवढी भिंत उभी राहते तेव्हां कोणी खाणींत सुरुंग लावतो, कोणी दगड घडतो, कोणी चुना मळतो, कोणी पाटी डोक्यावर घेऊन दिवसभर चढउतार करते. मी शिक्षक असतांना भंडारदऱ्याचें नांव निघालें कीं मुलें विल्सनसाहेबांचें नांव तत्काळ सांगत. एखाद्या गवंड्याचें नांव मात्र त्यांच्या पुस्तकांत नव्हतें, आणि शिक्षकाजवळहि नव्हतें.

कॅमेरा त्या काळीं नव्हता असें नाहीं. मोठ्या बांधकामाचें छायाचित्र घेतांना पायथ्याशीं एखादा मजूर उभा करण्याची रीत जुनीच आहे. भिंत किती मोठी आहे तें पाहणाऱ्यास कळावें, एवढाच त्यांतील हेतु. अशा चित्रांत माणूस फूटपट्टीचें काम करतो. आणि फूटपट्टीला नांव कोण विचारतो?

ह्याच्या पुढची पायरी अमेरिकेंतील एका धरणावर दिसते. तेथील ‘लाइफ’ साप्ताहिकाचा पहिला अंक २३ नोव्हेंबर १९३६ रोजीं निघाला. मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइट ह्या बाईंनीं घेतलेलें, मोंटाना राज्यांतील फोर्ट पेक धरणाचें छायाचित्र होतें. काँक्रीटचे अजस्र बुरूज, आणि पायथ्याशीं दोन इवलीं माणसें! परंतु आंतील पानांत त्याच बाईंनीं धरणावरील मजुरांच्या कच्च्या वसाहती व त्यांचे गुत्ते दाखविले. गुत्त्याच्या मेजावर बसविलेलें एक लहान मूलहि दाखविलें. मुखपृष्ठावरून धरण केवढें तें कळलें. आंतील पानांवरून तें कोणाच्या जिवावर उभें राहिलें तें कळलें.

तरीहि नुसतें चित्र पुरेसें होत नाहीं. लुइस हाइन हा न्यूयॉर्कमधील एक शाळामास्तर. १९०८ पासून त्यानें बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठीं गिरण्या, खाणी व कांचेचे कारखाने ह्यांतील मुलांचीं छायाचित्रें घेतलीं. मुलाची उंची गुपचूप मापतां यावी म्हणून तो आपल्या अंगावरील जाकिटाचीं बटनें जमिनीपासून किती उंच आहेत तें लक्षांत ठेवी. शक्य तेथें नांव, वय, काम व दिवस टिपून घेई. अमेरिकेंत बालमजुरीस आळा घालणारा टिकाऊ कायदा व्हावयास १९३८ साल उजाडलें, आणि तो एकट्या हाइनमुळें झाला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु “अशीं मुलें आमच्याकडे नाहींतच,” असें म्हणण्याची सोय त्याच्या टिपणांनीं मालकांस ठेविली नाहीं.

आपल्याकडे सुधारक ओलवे ह्यांनीं मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचीं छायाचित्रें अनेक वर्षें घेतलीं. रोज पहाटे आपल्या दारावरून जाणारा माणूस गटारांत कसा उतरतो, हें पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांनीं प्रथम त्या चित्रांतच पाहिलें. २०१६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या गिरणगांवाचेंहि तसेंच. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली आणि पुष्कळ ठिकाणीं चिमणीच्या जागीं मनोरे आले. जेथें सांचेखातें व भोंगा होता तेथें आज जाऊन कांहींच पाहतां येत नाहीं; छायाचित्र असेल तर तेवढेंच साक्षीला उरतें.

आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. पावसाळ्यांत भंडारदऱ्यास जाणारे हजारों लोक रंधा धबधब्याचीं चित्रें घेऊन परततात. तीं अवश्य घ्यावीं. परंतु आपल्या घराची भिंत रचणारा गवंडी, कारखान्यांत उभें आयुष्य काढलेले आपले आजोबा, ह्यांचेंहि एक चित्र त्यांच्या कामाच्या जागीं घ्यावें. आधीं त्यांची संमति विचारावी, कारण चित्रामुळें कोणाची नोकरी जातां कामा नये. त्यांस सजवून उभें करूं नये. हात ज्या कामांत आहेत त्याच कामांत राहूं द्यावे. नंतर नांव, गांव, काम, ठिकाण व तारीख लिहून ठेवावी, आणि त्याची एक प्रत त्यांस द्यावी.

ह्या पांच गोष्टी लिहावयास दोन मिनिटें लागतात. त्या न लिहिल्यास पन्नास वर्षांनीं तें चित्र पाहणारा “कोणी मजूर असावा” एवढेंच म्हणेल. भंडारदऱ्याच्या भिंतींतील प्रत्येक दगड कोणाच्या तरी हातांतून गेला आहे. ते हात आतां आपणांस सांपडावयाचे नाहींत. परंतु आज जे काम करीत आहेत त्यांचीं नांवें लिहून ठेवणें अजून आपल्या हातीं आहे.