उंचीच्या मानाने वजन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कापूस वेचणीचा हंगाम सुरू झाला, की यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्यापासून वणीपर्यंत ठिकठिकाणी सायंकाळी काटा लागतो, आणि मजुरी किलोवर ठरत असल्यामुळे प्रत्येक मजूर बाई आपल्या गाठोड्याचे वजन डोळ्यांत तेल घालून पाहते. परंतु तिचे स्वतःचे वजन किती, आणि ते तिच्या उंचीस साजेसे आहे की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ज्यांच्या मनात हा प्रश्न उद्भवतो, त्या सुशिक्षितांच्या ठायीही याविषयी कित्येक चुकीचे ग्रह दृढ झालेले आढळतात. त्यांचा क्रमाने परामर्श घेणे इष्ट होय.

गैरसमज पहिला : उंचीच्या सेंटिमीटरमधून शंभर वजा केले, की योग्य वजन मिळते.

वस्तुस्थिती : हा आडाखा एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्या नावाने ओळखला जातो. १५० सेंटिमीटर उंचीला तो ५० किलो सांगतो, ते ग्राह्य आहे. पण १७० सेंटिमीटरच्या माणसास तो ७० किलोची मुभा देतो, आणि भारतीयांपुरते पाहिल्यास हे वजन निरोगी मर्यादेच्या बाहेर जाते. मूळ चूक अशी, की निरोगी वजन हा एक आकडा नसून दोन मर्यादांमधला टप्पा असतो. तो काढण्याची रीत बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी १८३० च्या दशकात घालून दिली, आणि १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी तिला ‘बॉडी मास इंडेक्स’, म्हणजे आपला ‘बीएमआय’, हे नाव दिले. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की हा निर्देशांक हाती येतो, आणि प्रौढ भारतीयाच्या बाबतीत तो १८.५ च्या खाली नसावा व २३ च्या आत असावा, असे मानतात. उदाहरणार्थ, पाच फूट दोन इंच, म्हणजे सुमारे १५७ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी १.५७ चा वर्ग २.४६ येतो, त्यास १८.५ ने आणि २३ ने गुणले, की साडेपंचेचाळीस ते साडेछप्पन्न किलो हा तिचा टप्पा ठरतो.

गैरसमज दुसरा : निर्देशांक २५ च्या आत असला, की चिंतेचे कारण नाही.

वस्तुस्थिती : २५ ही मर्यादा प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकांच्या पाहणीवरून रूढ झाली. आशियाई लोकांना त्याहून कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, हे ध्यानात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २००४ मध्ये सावधगिरीची पायरी २३ वर आणली, आणि २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता धरावी, असे ठरविले.

गैरसमज तिसरा : सडपातळ माणसाला मधुमेहाचे भय नाही.

वस्तुस्थिती : या समजाचे निराकरण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केले. त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यूडकिन यांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले असता यूडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के आढळली. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत त्यांच्या पथकाने नवजात बालके तपासली, तेव्हा सरासरी २.७ किलो वजनाची ती बालके इंग्लंडमधील साडेतीन किलोच्या बालकांहून कृश असूनही त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने राखलेली, आणि घट झालेली ती मुख्यतः स्नायूंत, असे दिसून आले. तात्पर्य, काटा वजन सांगतो. ते वजन स्नायूंचे की चरबीचे, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून काट्याच्या जोडीला टेप हवी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता घेर मोजावा. तो पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर निर्देशांक कितीही समाधानकारक असो, रक्तातील साखर तपासून घ्यावी.

गैरसमज चौथा : आमची चणच बारीक, त्यात रोग कसला?

वस्तुस्थिती : आपल्या जिल्ह्यापुरता हा समज सर्वांत घातक आहे. केळापूर, मारेगाव, झरी-जामणीकडच्या कोलाम पोडांवर, बंजारा तांड्यांवर आणि भूमिहीन मजुरांच्या वस्त्यांत स्त्रीचा कृशपणा वंशपरंपरेच्या खाती जमा करून टाकण्याची रीत आहे. परंतु निर्देशांकात उंचीचा हिशेब आधीच झालेला असतो. ठेंगण्या बांध्याच्या स्त्रीस तो जास्त वजन मागतच नाही. १४५ सेंटिमीटर उंचीला ३९ किलो त्याला पुरेसे वाटतात. इतकेही वजन भरत नसेल, तर तो बहुधा दीर्घकाळच्या अपुऱ्या अन्नाचा किंवा लपलेल्या आजाराचा पुरावा होय. अशा देहात क्षयरोगाचा शिरकाव सुलभ होतो, आणि अशा मातेच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मण्याचा संभव वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के कृश, तर सुमारे २३ टक्के अतिवजनाच्या आढळल्या. ही दोन्ही टोके एकाच राज्यात शेजारी-शेजारी नांदत असता, ‘वजन कमी करा’ हा सरसकट उपदेश पुष्कळांच्या बाबतीत अनर्थकारक ठरतो. कृश स्त्रीला गरज आहे ती भाकरीच्या जोडीला रोज पुरेशा डाळीची, शेंगदाण्यांची, पालेभाजीची आणि शक्य तेथे अंड्यांची, आणि घरातील सर्वांची जेवणे उरकल्यावर शेवटी जेवण्याची रूढी मोडण्याची.

गैरसमज पाचवा : हाच हिशेब लहानथोर सर्वांना लागू पडतो.

वस्तुस्थिती : तो केवळ प्रौढांसाठी आहे. पाच वर्षांखालील बालकाची वाढ अंगणवाडीतील वृद्धिपत्रकावर पाहावी. सहा महिन्यांपुढील बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण समजून विनाविलंब आरोग्य केंद्र गाठावे. गरोदर स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत साधारणतः दहा ते बारा किलोंनी वाढणे अपेक्षित असते, म्हणून तिला हे कोष्टक लावू नये. वार्धक्यात पाठीला बाक येऊन उंची घटते, तेव्हा या आकड्यावर फार विसंबू नये. कोणत्याही वयात मनात नसताना वजन उतरू लागले, तर आकडा टप्प्यात असला तरी डॉक्टरांना दाखवावे.

मोजमापास खर्च नाही. अनवाणी उभे राहून टाचा भिंतीस टेकवाव्या, डोक्यावर पुस्तक आडवे धरून खूण करावी आणि ती टेपने मोजावी. वजन आरोग्य उपकेंद्रात विनामूल्य होते, आणि तीस वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीत आशा स्वयंसेविका कमरेचा घेरही नोंदवितात. वाचकांना विनंती एवढीच, की उंची, वजन आणि घेर हे तीन आकडे केवळ आपले नव्हे, तर घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे लिहून ठेवावे, आणि त्यात सर्वांत प्रथम, सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या स्त्रीचे.