पुराणकथाधिष्ठित अतिमानव-चित्रकथा
प्राचीन पुराणकथांतील देवदेवता, वीरपुरुष, दिव्य शस्त्रे इत्यादींच्या आधारे अतिमानवी सामर्थ्याच्या नायक-नायिकांभोवती गुंफलेल्या क्रमशः चित्रकथा. हा प्रकार विसाव्या शतकात मुख्यत्वे अमेरिकेत, स्वस्त नियतकालिक पुस्तिकांच्या रूपाने विकसित झाला.

बिल पार्कर व सी. सी. बेक यांचा ‘कॅप्टन मार्व्हल’ (१९४०) हे त्याचे एक प्रारंभीचे उदाहरण होय. ‘शझॅम’ या मंत्राच्या आद्याक्षरांतून सॉलोमनचे शहाणपण, हर्क्यूलीझचे बळ, ॲटलासची चिकाटी, झ्यूसची शक्ती, अकिलीझचे धैर्य व मर्क्युरीची गती एका मुलास प्राप्त होते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी ‘वंडर वुमन’ (१९४१) निर्माण करताना ग्रीक कथांचा रोखच पालटला. मूळ कथांत ॲमेझॉन योद्ध्या स्त्रिया बहुधा पराभूत होतात. येथे त्या हर्क्यूलीझच्या दास्यातून स्वतःची मुक्तता करून घेतात.

स्टॅन ली, लॅरी लीबर व चित्रकार जॅक किर्बी यांचा ‘थॉर’ (१९६२) नॉर्स पुराणकथांवर आधारलेला आहे. मूळचा थॉर तांबड्या दाढीचा असून बोकडांच्या रथातून फिरतो. चित्रकथेतील थॉर सोनेरी केसांचा व दाढीविरहित आहे. मूळ कथांत लोकी हा ओडिनचा रक्तबंधू, तर चित्रकथेत तो थॉरचा मानलेला भाऊ व प्रतिस्पर्धी आहे.

पुराणकथा व चित्रकथा यांतील मूलगामी भेद शेवटाविषयीचा आहे. नॉर्स कथेत अंतिम युद्धात विश्वसर्पास मारून थॉर नऊ पावले चालतो व मरतो. दरमहा विकल्या जाणाऱ्या नायकास असे मरण परवडत नाही : २००४ मध्ये चित्रकथेतही त्याच्या विश्वाचा अंत दाखविण्यात आला, तथापि २००७ मध्ये तो नव्या मालिकेत परतला. जुन्या देवांचा अंत गृहीत धरूनच किर्बी यांनी दुसऱ्या प्रकाशनसंस्थेसाठी ‘न्यू गॉड्स’ (१९७१) ही मालिका रचली.

दुसरा भेद स्वामित्वाचा आहे. पुराणकथा कोणा एकाची मालमत्ता नसते. म्हणूनच कोणालाही थॉरची कथा नव्याने सांगता येते. मात्र तिला चित्रकाराने दिलेले विशिष्ट रूप व्यापारी मालमत्ता ठरते. किर्बी (१९१७–९४) यांच्या वारसांनी २००९ मध्ये थॉरसह अनेक पात्रांवरील हक्क परत मागितले. ते काम प्रकाशकाच्या सांगण्यावरून व खर्चाने झाले असल्याने हक्क प्रकाशकाचेच, असा निर्णय अपील न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे विचारार्थ असतानाच २०१४ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. ज्या कथांचे मूळ कर्ते अज्ञात आहेत, त्यांच्या आधुनिक अवतारांच्या कर्तृत्वाचा प्रश्न अशा रीतीने न्यायालयात लढविला गेला.