जुने मनगटी घड्याळ घेताना

रविवारच्या मिस्सेला, लग्नकार्याला जुन्या वळणाचे मनगटी घड्याळ बांधून जाण्याची हौस हल्ली आपल्या तरुणांत दिसते. ती आम्हांस गैर वाटत नाही. स्वस्तात घ्यावयाचे तर एच. एम. टी.चे चावीचे घड्याळ उत्तम. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरास या घड्याळांचा कारखाना निघाला. २०१६ साली ही घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. तिचे ‘जनता’ हे १७ ज्वेलचे साधे घड्याळ. रोज चावी द्यावी लागते, एवढेच.

मात्र झगझगीत रंगाच्या तबकडीचे ‘जनता’ दिसले की सावध व्हावे. पुष्कळदा तबकडी मागाहून रंगविलेली असते व आत दोन-तीन घड्याळांचे भाग एकत्र केलेले असतात. मजुरीतून साठविलेले पैसे अशा मालात जातात. अक्षरे जाड वा वाकडी आहेत काय, हे भिंगातून पाहावे. पिवळी पडलेली मूळ तबकडी आम्ही अधिक मोलाची समजतो. पाठीचे झाकण उघडण्यास दुकानदार का-कू करील, तर पैसे खिशातच ठेवावेत. टिकटिक अडखळत असल्यास सफाईचा खर्च किमतीत धरावा.

आणि त्याआधी घरातील पेटी उघडून पाहावी. आजोबांचे बंद पडलेले घड्याळ तेथे असल्यास प्रथम तेच घड्याळजीकडे न्यावे.