गडचिरोलीचा शोध आशाताईच्या पिशवीत कसा आला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेनऊ वाजले होते. दवाखान्यात सर्दी-तापाची नेहमीची गर्दी होती. इतक्यात अंजनगाव बारीच्या रस्त्यावरील एका खेड्यातून ऑटो आला. त्यातून आजी, बाळंतीण आणि गावची आशाताई उतरल्या. आजीने दारातूनच मला सांगून टाकले, "काही नाही झालं जी डॉक्टरसाहेब. लेकरू झोपून रायलं, एवढंच. हे बाईच ऐकत नाही."

आशाताई आजीला काही बोलली नाही. मला म्हणाली, "सर, आज सातव्या दिवसाची भेट होती. कालपर्यंत चांगलं पीत होतं, आज तोंडातच धरत नाही. पोट अन् पाय गार लागतात. थर्मामीटर ९५ च्या वर जात नाही. श्वास दोनदा मोजला, मिनिटाला ६८ भरला. छाती आत ओढते."

मी बाळ तपासले. आशाताईचा शब्दन् शब्द खरा होता. बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला होता, आम्ही त्याला 'सेप्सिस' म्हणतो. प्रतिजैविकाचा पहिला डोस दिला, बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून शाल गुंडाळली आणि अमरावतीला पाठवले. बारा दिवसांनी बाळ घरी परतले. पुढे त्याच्या बारशाचे पेढे घेऊन आजी स्वतः आली.

पेढा हातात घेतला आणि मला दुसरे एक बाळ आठवले.

सन २००० चा जानेवारी महिना. बडनेऱ्याच्या नवी वस्तीत दवाखाना थाटून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्याच रस्त्यावरून, रात्री उशिरा, नऊ दिवसांचे बाळ माझ्याकडे आणले. दोन दिवसांपासून ते अंगावर पीत नव्हते. "ताप तर नव्हता जी," असे त्याचा बाप पुन्हा पुन्हा सांगत होता. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे थंडीने सुस्तावले. बाळ बर्फासारखे गार होते. मला जे करता आले ते केले आणि पुढे पाठवले. अमरावतीला पोचण्याआधीच ते गेले.

वाचकहो, रस्ता तोच, आजार तोच, डॉक्टरही तोच. औषधसुद्धा नवे नाही. जेंटामायसिनचे इंजेक्शन तेव्हाही माझ्या कपाटात होते. मग फरक कशाने पडला? सातव्या दिवशी दारात येऊन श्वास मोजणारी एक बाई, एवढाच काय तो फरक. ही बाई गावात कशी आली, हे आज सांगायचे आहे. त्या गोष्टीतले अर्धे श्रेय विज्ञानाचे आहे आणि उरलेले अर्धे सरकारी धोरणाचे.

मणी आणि वाळूचे घड्याळ

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची नावे विदर्भात कुणाला नवी नाहीत. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून हे दांपत्य १९८६ साली गडचिरोलीत कामाला लागले. त्यांच्या संस्थेचे नाव 'सर्च'. बालमृत्यू कशाने होतात ते आधी मोजायचे, मग उपाय करायचा आणि उपायाने खरोखर फरक पडला का तेही मोजायचे, अशी त्यांची पद्धत.

पहिला शत्रू सापडला तो न्यूमोनिया. त्याची ओळख सोपी आहे, श्वास जलद चालतो. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीने श्वास मोजायचा कसा? त्यासाठी त्यांनी एक साधे उपकरण केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया समजायचा. वीज नको, बॅटरी नको, अक्षरओळखही नको. तंत्रज्ञान म्हटले की आपल्याला मोठे यंत्र आठवते. पण वापरणाऱ्याच्या हाताला बसते तेच खरे तंत्रज्ञान.

दुसरा शत्रू अधिक कठीण होता. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू. त्या काळी तिकडे बहुतेक बाळंतपणे घरीच होत. बाळंतीण सव्वा महिना बाहेर पडत नसे आणि बाळही बाहेर निघत नसे. १९९५-९६ मध्ये 'सर्च'ने ३९ गावांतील नवजात बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात डॉक्टरांपर्यंत पोचली ती शंभरात तीनसुद्धा नव्हती.

मग बंग दांपत्याने उलट विचार केला. बाळ दवाखान्यात येत नसेल तर दवाखाना बाळाकडे न्यावा. गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, ऊब देणे, अंगावर पाजायला मदत करणे, धोक्याच्या खुणा ओळखणे आणि सेप्सिस दिसला तर आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे. या ३९ गावांची तुलना अशी सेवा नसलेल्या ४७ गावांशी केली. निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या प्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. तुलनेत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. सेप्सिस झालेल्या शंभर बाळांपैकी पूर्वी सोळा-सतरा दगावत, ते प्रमाण तीनच्या खाली आले. खर्च एका बाळामागे सव्वापाच डॉलर, म्हणजे तेव्हाचे सव्वादोनशे रुपये.

माझी चूक

आता एक कबुली. ही बातमी तेव्हा मी वाचली होती. आम्ही चार-पाच डॉक्टर मित्र चहाला जमलो असताना मीच म्हणालो होतो, "सातवी शिकलेली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देणार? मग आपण साडेपाच वर्षे कशाला घालवली?" सगळे हसले. पुढच्याच महिन्यात ते गार पडलेले बाळ माझ्यासमोर आले.

माझे म्हणणे कायद्याला धरून होते, पण खेड्याला धरून नव्हते. मी इंजेक्शन देऊ शकत होतो, पण त्या गावात त्या दोन दिवसांत मी नव्हतो. दुसरे कोणीही नव्हते.

कागदावर यायला बारा वर्षे

शोध लागला म्हणजे काम झाले असे आपल्याला वाटते. तसे नसते. जुलाबावरील मीठ-साखर-पाण्याचेच पाहा. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर हे पाणी पाजून असंख्य कॉलरा रुग्ण वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेने जुलाबाविरुद्धचा जागतिक कार्यक्रम सुरू केला तो १९७८ मध्ये. तोवर सात वर्षे गेली होती.

गडचिरोलीच्या शोधाला बारा वर्षे लागली. पहिला प्रश्न विचारला गेला, "हे बंग दांपत्याला जमले, इतरांना जमेल का?" प्रश्न रास्त होता. म्हणून महाराष्ट्रात 'अंकुर' प्रकल्पात सात ठिकाणी इतर संस्थांनी तोच प्रयोग करून पाहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही पाच राज्यांत चाचणी घेतली.

दुसरी गोष्ट घडली ती मोजणीची. आपल्या जिल्ह्यातील मेळघाटाचे बालमृत्यू १९९३ पासून वर्तमानपत्रांत आणि न्यायालयात गाजत होते. पण मूळ आकडाच कमी दाखवला जात असेल तर उपाय कोण करणार? २००१ साली 'सर्च' आणि इतर संस्थांनी 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला आणि सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत हे मोजून दाखवले. विधिमंडळापर्यंत चर्चा गेली. पुढे राज्य सरकारने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांनाच दिले. सरकारवर टीका करणाऱ्यालाच सरकारने बोलावले, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट, हा शोध गावोगाव नेणारे माणूस मिळाले. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावोगाव 'आशा' नेमल्या गेल्या. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाला घरभेट द्यावी असे संयुक्तपणे सांगितले. अखेर २०११ साली केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर लागू केला. आशाताईच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आणि बाळाची दुलई आली. मण्यांच्या जागी मनगटी घड्याळ आले, पण मोजणी तीच राहिली.

वाटेत काय गळले?

दिल्लीच्या कागदावर येताना एक गोष्ट मात्र सुटली, ती म्हणजे इंजेक्शन. आशाताईने धोका ओळखायचा आणि बाळ पुढे पाठवायचे, एवढेच ठरले. २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीत एएनएम म्हणजे नर्सबाईंना जेंटामायसिन देण्याची परवानगी मिळाली.

हे बरोबर झाले की चूक? दोन्ही बाजू सांगतो. ३९ गावांत प्रत्येक बाईवर बारीक देखरेख होती. देशात आशा दहा लाखांच्या घरात आहेत. तेवढी देखरेख नसेल तर प्रतिजैविके कशीही वापरली जातील आणि जंतू त्यांना दाद देईनासे होतील, ही भीती खोटी नाही. शिवाय आता काळ बदलला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. बडनेऱ्याहून अमरावती अर्ध्या तासाच्या आत गाठता येते. इथे इंजेक्शनसाठी आशाताईला अडवण्याची गरज नाही. पण पावसाळ्यात नाला भरून वाट बंद पडणाऱ्या मेळघाटातील पाड्याला हाच नियम लावणे मला आज पटत नाही. धोरण सगळ्यांसाठी एक असते. बाळ मात्र कुठल्या गावात जन्मले यावर सारे अवलंबून असते.

एकूण फळ मात्र नाकारता येत नाही. १९९० च्या सुमारास देशात हजार जन्मांमागे ८० बाळे पहिल्या वाढदिवसाआधी जात. २०२० च्या सरकारी पाहणीत हा आकडा २८ आणि महाराष्ट्राचा १६ होता. लसी, रस्ते, दवाखान्यातली बाळंतपणे, मुलींचे शिक्षण यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी आलेल्या बाळाकडे पुढचा महिनाभर पाहणारे डोळे आशाताईचेच असतात.

आपण काय करावे?

१) घरात बाळंतपण असेल तर आशाताईच्या भेटींच्या तारखा भिंतीवरील कॅलेंडरवर लिहून ठेवा. दवाखान्यातील बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरी बाळंतपण झाले तर पहिला दिवसही. ती आली नाही तर निरोप पाठवा. आली तर "बाळ झोपलंय" म्हणून परत पाठवू नका.

२) नवजात बाळाला गंभीर आजारात ताप येतोच असे नाही. उलट ते गार पडते. पोट आणि तळपाय हाताने पाहा.

३) पुढीलपैकी एक खूण दिसली तरी सकाळची वाट पाहू नका: अंगावर पिणे थांबले, रडणे क्षीण झाले, हातपाय ढिले पडले, शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, छाती आत ओढणे, झटके, पोट फुगून उलट्या, बेंबीतून पू, तळहात-तळपाय पिवळे.

४) जन्मताच आंघोळ, मधाचे बोट, घुटी, बेंबीला राख किंवा तेल, डोळ्यांत काजळ हे सारे टाळा. पहिल्या तासात आईचे दूध द्या. बाळ कमी वजनाचे असेल तर आईच्या छातीशी उघडे धरून ऊब द्या.

५) पहिल्या वर्षापर्यंत आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. गाडीसाठी १०८ किंवा १०२ वर फोन करा.

आणि शेवटी माझ्या डॉक्टर मित्रांना एक विनंती. आशाताई बाळ घेऊन आली तर तिला रांगेत बसवू नका. तिचा मोजलेला आकडा आधी ऐका. २००० साली तो आकडा सांगणारे कोणी असते, तर ते बाळ आज पंचविशीचा तरुण असते. बारशाचा पेढा खाताना मला हेच वाटत होते.