‘बाई, पाणी पिऊन येऊ?’

दुसरीतला मुलगा. पहिल्या तासालाच पाण्याची बाटली संपवतो, दुसऱ्या तासाला लघवीला जातो, तिसऱ्याला पुन्हा बोट वर. बाईंना वाटतं, याचं वर्गात लक्ष नाही. बालवाडीत तर आणखी गफलत होते. वर्षभर कपडे कोरडे ठेवणारी मुलगी अचानक चड्डी ओली करू लागली की ताई म्हणतात, ‘घरी धाकटा भाऊ आलाय ना, म्हणून.’ कधी कधी ते खरंही असतं. पण सतत तहान, सारखी लघवी, त्यात मूल गळून गेलेलं आणि गणवेश ढगळ होत चाललेला, असं दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यायला हवी. टाइप १ मधुमेहाची सुरुवात अशीच होते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते. मुलाने गोड फार खाल्लं म्हणून हे झालेलं नसतं. इन्सुलिन नसल्याने साखर रक्तातच साचते, पेशी उपाशी राहतात. मग शरीर चरबी जाळू लागतं आणि त्यातून निघणारी आम्लं रक्तात साठतात. याला किटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. उपचाराला उशीर झाला तर मूल दगावू शकतं.

इथे शाळा किती मोठं काम करू शकते, हे इटलीतल्या पार्मा प्रांताने दाखवून दिलं. १९९१ पासून तिथल्या १७७ शाळांमध्ये एक साधं भित्तिपत्रक लागलं. चांगलं मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर दुर्लक्ष करू नका, असा त्याचा आशय. सोबत बालरोगतज्ज्ञांना साखर तपासण्याची साधनं दिली. त्याआधी निदान झालेल्या मुलांपैकी ७८ टक्के मुलं किटोअ‍ॅसिडोसिस होऊनच रुग्णालयात पोहोचत. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं. नवं औषध नाही, यंत्र नाही. शाळेतल्या आणि घरातल्या मोठ्यांना कुठे बघायचं ते कळलं, एवढंच.

निदान झाल्यावर मूल शाळेत परत येतं, तेव्हा काळजीची दिशा बदलते. आता भीती असते ती साखर कमी होण्याची. निरोगी शरीरात साखर उतरू लागली की स्वादुपिंड इन्सुलिन आवरतं घेतं. टोचलेलं इन्सुलिन मात्र मागे घेता येत नाही. सकाळी सुई घेतली, डबा अर्धाच खाल्ला आणि पीटीच्या तासाला जोरात धावाधाव झाली, की धावणारे स्नायू साखर भराभर ओढून घेतात आणि आकडा ७० च्या खाली जातो.

बाईंच्या टेबलापासून हे कसं दिसतं? वहीतली अक्षरं ओळ सोडून खाली घसरू लागतात. कपाळावर दरदरून घाम, ओठ पांढुरके, हात थरथरतात. एरवी शहाणं असलेलं मूल बाकावरच्या मैत्रिणीवर विनाकारण खेकसतं. तीन वर्षांच्या मुलाला तर ‘चक्कर येतेय’ हे सांगताही येत नाही. ते भोकाड पसरतं किंवा कोपऱ्यात जाऊन निजतं. हट्टीपणा समजून त्याला तसंच ठेवणं धोक्याचं आहे.

ग्लुकोमीटर हाताशी असेल तर लगेच तपासावं. नसेल तर तपासण्यासाठी थांबू नये, आधी साखर द्यावी. किती? वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.३ ग्रॅम. म्हणजे पंधरा किलोच्या बालवाडीतल्या मुलाला चमचाभर साखर पाण्यात विरघळवून पुरते, तीस किलोच्या मुलाला दोन चमचे. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायचं. आणि अशा मुलाला ‘जा, ऑफिसात जाऊन बस’ म्हणून एकटं पाठवू नये, जिन्यातच कोसळायचं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावं, १०८ ला फोन लावावा, डॉक्टरांनी शाळेत ग्लुकागॉन हे साखर वाढवणारं इंजेक्शन ठेवायला सांगितलं असेल तर शिकवल्याप्रमाणे ते टोचावं.

हे शिकायला एक दुपार पुरते. पण ती दुपार फक्त वर्गशिक्षिकेची असून भागत नाही. त्या रजेवर असतील त्या दिवशी मावशींना ठाऊक हवं, व्हॅनवाल्या काकांना ठाऊक हवं. २०२१ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची सव्वादोन लाखांहून अधिक मुलं टाइप १ सोबत वाढत आहेत. शाळांसाठी प्रशिक्षण साहित्य तयार करणारा ‘किड्स’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रम २०१३ मध्ये भारत आणि ब्राझीलपासूनच सुरू झाला. सीबीएसईने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना खाऊ जवळ ठेवण्याची मुभा दिली. मग चाचणी परीक्षेत डबी बाहेर ठेवायला लावणं मला अजिबात पटत नाही.

मुलाला खेळातून वगळणंही तितकंच चुकीचं. त्याला धावू द्यावं. सरांच्या खिशात शिट्टीबरोबर ग्लुकोजची पुडी असली म्हणजे झालं. मात्र दमवणाऱ्या खेळानंतर कित्येक तासांनी, अगदी झोपेतही साखर उतरू शकते. म्हणून क्रीडादिनाच्या संध्याकाळी सरांनी त्याच्या आईला एक फोन करावा : ‘ताई, आज बराच वेळ खो-खो खेळलाय. रात्री झोपण्याआधी साखर बघा.’