युरोपातले शहर निवडताना: क्रमवारी कोणाची, भाडे कोणाचे?

युरोपात स्थायिक होऊ पाहणारा माणूस बहुधा आधी शहरांची क्रमवारी उघडतो. ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’च्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे व्हिएन्ना पहिले होते आणि २०२५ मध्ये कोपनहेगनने ती जागा घेतली. त्यामुळे व्हिएन्ना किंवा कोपनहेगन गाठले की आयुष्य मार्गी लागले, असा समज होतो. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा हे त्या यादीचे निकष आहेत. राहण्याचा खर्च त्यात धरलेला नाही आणि परदेशी नागरिकाला तिथे कोणत्या अटींवर राहता येते, हा प्रश्न तर यादीत कुठेच येत नाही. कर्मचाऱ्यांना परदेशी पाठवणाऱ्या कंपन्या भत्ते ठरवताना अशा याद्या वापरतात आणि त्या कामासाठी त्या ठीकच आहेत. पण स्वतःच्या बळावर जाणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. बाहेर मिरवले जाणारे बहुतेक आकडे त्या शहरात मुरलेल्या रहिवाशाचे असतात आणि आपल्या वाट्याला येते ते नवागताचे आयुष्य. या दोहोंतले अंतर प्रत्येक शहरात वेगळे असते. निवड करताना मोजायचे ते हेच अंतर.

व्हिएन्नाचेच उदाहरण घेऊ. तिथली घरे स्वस्त, ही ख्याती खरी आहे आणि तिच्यामागे शंभर वर्षांचे धोरण आहे. १९२०च्या दशकात नगरपालिकेने कामगारांसाठी घरे बांधायला सुरुवात केली. १९३० साली खुला झालेला ‘कार्ल मार्क्स होफ’ हा प्रचंड गृहसमूह त्याच काळातला. आज नगरपालिकेकडे सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत आणि अनुदानित घरे धरली तर शहरातले जवळपास निम्मे लोक अशा घरांत राहतात. आता नवागताच्या बाजूने पाहा. नगरपालिकेच्या घरासाठी अर्ज करायचा तर व्हिएन्नात सलग दोन वर्षांचे वास्तव्य लागते. शिवाय युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाकडे साधारणपणे दीर्घकालीन निवासाचा परवाना असावा लागतो आणि तो पाच वर्षांनी मिळतो. तोवर त्याला खासगी बाजारातच घर शोधावे लागते. स्टॉकहोममध्ये भाडी नियंत्रित आहेत, पण नगरपालिकेच्या संस्थेमार्फत घर मिळण्यासाठी रांगेत सरासरी नऊ वर्षांच्या आसपास थांबावे लागते. जर्मनीत चालू करारातले भाडे तीन वर्षांत २० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही आणि टंचाईच्या शहरांत ही मर्यादा १५ टक्क्यांवर येते. त्यामुळे जुना भाडेकरू कमी भाड्यात राहतो आणि त्याच इमारतीत नव्याने येणारा बरेच जास्त मोजतो. भाडेकरूंना संरक्षण देणारे हे कायदे चांगलेच आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र सरासरी भाड्याचा आकडा पाहून अंदाजपत्रक मांडणाऱ्याला त्यांचा लाभ पहिल्या दिवशी मिळत नाही.

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो. एकदा शेंगेन देशाचा परवाना हाती आला की युरोपभर कुठेही राहता येईल, आज लिस्बन, न जमल्यास उद्या बर्लिन, असे अनेकजण गृहीत धरतात. प्रत्यक्षात एका देशाच्या निवास परवान्यावर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस जाता येते, पण तिथे नोकरी करता येत नाही. उच्चशिक्षित नोकरदारांसाठीच्या युरोपीय संघाच्या ‘ब्लू कार्ड’ या परवान्याच्या धारकाला साधारण बारा महिन्यांनंतर दुसऱ्या सदस्य देशात जाणे सोपे होते खरे, पण तिथेही नव्याने अर्ज करावाच लागतो. डेन्मार्क आणि आयर्लंड या योजनेत नाहीत आणि आयर्लंड तर शेंगेनमध्येही नाही. खुल्या संचाराचा हक्क आहे तो संघाच्या नागरिकांना. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज गोव्यात जन्मलेल्यांनी आणि त्यांच्या वारसांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले, तर त्यांना संघातले कोणतेही शहर निवडता येते. त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावे लागते, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. बाकीच्यांसाठी आधी देश ठरतो, मग शहर.

इंग्रजीवर निभावते, हेही अर्धसत्यच. अॅमस्टरडॅम किंवा बर्लिनच्या सॉफ्टवेअर कंपनीत ते चालते. घराचा करार, कर खात्याची पत्रे आणि बालवाडीचा अर्ज मात्र स्थानिक भाषेत येतात. शिवाय भाषेला कायद्यातही किंमत आहे. जर्मनीत ब्लू कार्डधारकाला प्राथमिक, म्हणजे ए१ पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी कायम निवास मिळू शकतो आणि बी१ पातळी गाठल्यास २१ महिन्यांत. नागरिकत्वासाठी तर बी१ लागतेच. म्हणून जिथे स्थानिक भाषेवाचून काहीच अडत नाही ते शहर पहिल्या वर्षी सुखाचे वाटले, तरी मुक्काम लांबवायचा असेल तर मला ते कमी सोयीचे वाटते. पुण्या-मुंबईच्या माक्स म्युलर भवनात जर्मन शिकायची सोय अनेक दशकांपासून आहे. ती तयारी इथूनच करून जाणे शहाणपणाचे.

यावर कोणी म्हणेल की हा सगळा विचार निवड हाती असलेल्यांचा आहे, बाकीच्यांना जिथे नोकरी किंवा प्रवेश मिळेल तिथे जावे लागते. आक्षेप रास्त आहे, पण पुरता नाही. विद्यार्थ्यांचेच पाहा. जर्मनीतले शिक्षण फुकट म्हणतात, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो घेते. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही अशा विद्यार्थ्यांना २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क लावले. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड’ खात्यात दाखवायची वर्षाची ११,९०४ युरोची रक्कम मात्र देशभर एकच आहे. लाइपझिगमध्ये तेवढ्यात काटकसरीने भागेल, म्युनिकमध्ये भाड्यालाच त्यातला मोठा वाटा जाईल. नोकरदाराने तर आणखी पुढचे पाहायला हवे. त्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. ब्लू कार्डच्या सुधारित नियमांनुसार नोकरी गेली तर दुसरी शोधायला किमान तीन महिन्यांची मुदत मिळते आणि कार्ड दोन वर्षांहून जुने असेल तर सहा महिन्यांची. एवढ्या मुदतीत घर न हलवता, मुलांची शाळा न बदलता दुसरी नोकरी मिळायची, तर आपल्या विषयाच्या अनेक कंपन्या रोज ये-जा करता येईल इतक्या अंतरात हव्यात. औषधनिर्मितीसाठी बाझेल, चिप बनवणाऱ्या यंत्रांसाठी आइंडहोवेनचा परिसर, मोटारींसाठी श्टुटगार्ट ही अशी ठिकाणे आहेत. बाझेल स्वित्झर्लंडमध्ये असल्याने तिथले परवाने वेगळे आणि त्यांवर वार्षिक मर्यादाही आहे. श्टुटगार्टसारख्या एका उद्योगावर उभ्या असलेल्या शहराचा धोकाही ध्यानात घ्यायला हवा. मंदी आली की शेजारच्या सगळ्या कंपन्या एकदमच भरती थांबवतात आणि जर्मन मोटार उद्योग गेली काही वर्षे नोकऱ्या कमी करतो आहे. जोडीदारालाही काम करायचे असेल, तर दोघांच्या विषयांना वाव देणारे, दोन-तीन वेगळ्या उद्योगांचे मध्यम आकाराचे शहर नावाजलेल्या राजधानीपेक्षा मी वर ठेवेन, मग क्रमवारीत त्याचे नाव नसले तरी.