सायकलपटूंचे बूट : दुरुस्त काय करावे, बदलावे काय?

भोपाळमधील बाग सेवनियालगतचा नर्मदापुरम मार्ग असो किंवा मिरामार ते दोनापावला हा किनारी रस्ता, रोड सायकल चालवणाऱ्यांची एक अडचण सर्वत्र सारखीच असते. पेडलमध्ये अडकणारे महागडे बूट एक-दोन पावसाळ्यांनंतर कुरकुरू लागतात. दुरुस्त करावेत की नवे घ्यावेत, हे ठरवताना दुकानदाराच्या शब्दापलीकडे आधार नसतो. २०१९ साली गोव्यात ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धा प्रथम झाल्यापासून हा प्रश्न गोमंतकीयांच्याही परिचयाचा झाला आहे.

या पेडलना ‘क्लिपलेस’ म्हणतात, ते नाव मात्र फसवे आहे. पूर्वी पायाचा पंजा पेडलवर धातूची क्लिप आणि पट्ट्याने बांधला जाई. बर्फावरील स्कीचे बंध तयार करणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने तेच तंत्र १९८४ मध्ये पेडलसाठी वापरले. बुटाच्या तळाला बसवलेला ‘क्लीट’ हा तुकडा पेडलमध्ये अडकतो आणि टाच बाहेर वळवताच सुटतो. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो यांनी हेच पेडल वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली आणि जुनी क्लिप हळूहळू मागे पडली.

बुटाचा सर्वांत आधी झिजणारा भाग म्हणजे क्लीट. रोड सायकलचे क्लीट बहुधा प्लास्टिकचे असतात आणि चालवण्यापेक्षा डांबरावर पायी चालण्याने अधिक झिजतात. झिजलेला क्लीट अवचित सुटतो किंवा सुटायच्या वेळी अडतो. भर वाहतुकीत या दोन्ही गोष्टी घातक ठरतात. त्यासाठी बूट टाकण्याचे मात्र कारण नाही; क्लीटची जोडी स्वतंत्र मिळते. जुना काढण्यापूर्वी त्याच्या कडेने पेनने रेघ आखावी, स्क्रूच्या आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि उत्पादकाने सांगितलेल्या बलानेच, साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर, ते आवळावेत. खाऱ्या, दमट हवेत गंजलेला स्क्रू पुढे निघत नाही. म्हणून ग्रीसकडे दुर्लक्ष करू नये.

रेघ आखण्याचे महत्त्व हिशेबाने कळते. मिनिटाला ९० फेऱ्या धरल्या, तर तीन तासांत प्रत्येक पाय १६,२०० वेळा फिरतो. क्लीट किंचित तिरका बसला तरी तो ताण तितक्याच वेळा गुडघ्यावर येतो. नवे क्लीट घेताना केवळ रंगावर विसंबू नये. ‘शिमानो’च्या तीन स्क्रूंच्या प्रणालीत लाल क्लीट पायाला जराही हलू देत नाही, निळा २ अंश आणि पिवळा ६ अंश मोकळीक देतो. ‘लुक किओ’मध्ये नेमका लाल क्लीटच सर्वाधिक, म्हणजे ९ अंश, मोकळीक देतो. नवशिक्यांना मोकळीक असलेला क्लीट सोयीचा.

उसवलेली शिवण आणि निकामी वेल्क्रो नेहमीचा मोची दुरुस्त करू शकतो. दोरी आवळणारी फिरकी बहुतेक बुटांत बदलता येते. टाचेचे रबर काही बुटांत स्क्रूने निघते. कडेने सुटू लागलेला सोल स्वच्छ करून, कोरडा करून बुटांच्या गोंदाने चिकटवावा आणि रात्रभर दाबून ठेवावा. मात्र तडा गेलेला कार्बनचा सोल किंवा क्लीटच्या भोकांतील उखडलेले आटे यांवर भरवसा ठेवणे धोक्याचे. तेथे बूट बदलणेच शहाणपणाचे. भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नयेत, उष्णतेने गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते सावलीत वाळवावेत. त्यामुळे बुरशीही टळते.

नवे बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, सायकलचे मोजे घालून पाहावेत. बोटे हलायला हवीत, टाच उचलली जाता कामा नये. पंजा रुंद असेल, तर मोठा क्रमांक घेण्याऐवजी रुंद साचा मागावा. सोलवरील भोके आपल्या पेडलशी जुळतात का, हे आधी पाहावे. कार्यालयात जाणाऱ्याला किंवा वारंवार थांबणाऱ्याला दोन भोकांचे बूट अधिक उपयुक्त; त्यांत क्लीट सोलच्या खाचेत राहतो आणि नीट चालता येते. ताठ कार्बन सोलचा लाभ मुख्यतः शर्यतीत होतो.

नवे असोत वा दुरुस्त केलेले, रस्त्यावर उतरण्यापूर्वी भिंतीचा आधार घेऊन, पेडलची स्प्रिंग सर्वांत सैल ठेवून, पाय अडकवण्या-सोडवण्याचा सराव करावा. सिग्नलवर सायकल थांबल्यानंतर नव्हे, तर थांबण्यापूर्वीच टाच वळवण्याची सवय लागली, की पडण्याची भीती बरीचशी ओसरते.